पाचशे एक रुपयांचा शब्द

सन १९४४, पौष महिन्यातला सोमवार. रक्कम रुपये पाचशे एक, अब्रुनुकसानीच्या भरपाईदाखल. हजर माणसं अशी: सातारच्या दिवाणी कोर्टाचे न्यायाधीश, वादी दादू शेट, शिराळ्याजवळच्या एका गावातल्या कंट्रोलच्या दुकानाचे मालक, त्यांचे वकील, प्रतिवादी मुजावर मास्तर, त्याच गावच्या शाळेतले शिक्षक, वकिलाशिवाय, साक्षीदार शेवंताबाई, नवरा लढाईवर, आणि साक्षीदार मी, कलेक्टर कचेरीच्या भाषांतर शाखेतला कारकून, वय अठ्ठावीस.

भांडण एका शब्दाचं होतं. शब्द इंग्रजी, पँडर. अक्षरं सहा. पत्रात त्याच्या शेवटी एस लागलेला होता, म्हणून सात. ते सातवं अक्षर मी नीट पाहिलं असतं तर हा दावाच झाला नसता, आणि हा लेखही.

आज मी सांगलीला विश्रामबागेत राहतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. या नोकरीत किती कागद हाताखालून गेले याचा हिशेब माझ्याकडे आहे, पण तो सांगून वाचकांना छळत नाही. मात्र हा एक कागद, दोनशे चौदा शब्दांचा, मला आजही तोंडपाठ आहे. शब्द मोजायची सवय धंद्यातली. खाजगी पक्षकारांच्या कागदांना शंभर शब्दांवर फी घेतली जाई, आणि एकदा मोजायला लागलेला माणूस घरी आलेल्या लग्नपत्रिकेचेही शब्द मोजतो.

भाषांतर शाखा म्हणजे काय, ते आधी सांगतो. साहेबाला मराठी अर्ज वाचता येत नसत. त्यांचं इंग्रजी करायचं. वरून आलेला इंग्रजी कागद गावच्या चावडीत वाचून दाखवायचा असे. त्याचं मराठी करायचं. आमच्यावर सक्त ताकीद अशी की पदरचा एक शब्द घालायचा नाही आणि मुळातला एक गाळायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात भाषा ही तराजूत घालायची वस्तू नाही, हे पहिल्या सहा महिन्यांतच कळतं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी कडेगावकडचे एक गृहस्थ एक कागद हातात धरून ताठ मानेनं कचेरीत आले. साहेबाच्या पत्राखाली रिवाजाप्रमाणे जे लिहिलेलं असतं, त्याचं आमच्यातल्या कोणीतरी इमानाने ‘आपला आज्ञाधारक नोकर’ असं केलं होतं. गृहस्थांचं म्हणणं एवढंच की साहेबानं स्वतः लिहून दिलंय, तर विहिरीच्या मंजुरीचं काम आजच करून द्यावं. त्यांना समजावून परत पाठवायला दोन तास आणि तीन कप चहा लागला. दुसरा एक अर्ज होता, ‘मामलेदारसाहेबांनी माझ्या पोटावर पाय आणला’ असा. त्याचं इंग्रजी इतकं शब्दशः झालं की साहेबांनी अर्जदाराला तपासणीसाठी सिव्हिल इस्पितळात पाठवायचा हुकूम काढला. तो बिचारा जमिनीबद्दल रडत होता आणि डॉक्टर त्याचं पोट दाबून पाहत होता.

असल्या गोष्टींवर आम्ही डब्याच्या सुट्टीत हसायचो. स्वतःवर पाळी येईपर्यंत हसू येतं.

आता मूळ गोष्ट. लढाईच्या दिवसांत घासलेट कंट्रोलवर मिळे. गावात दुकान एकच, दादू शेटचं. शेवंताबाईचा नवरा लान्स नाईक, दूर कुठेतरी आघाडीवर. घरात सासू आंधळी आणि दोन लेकरं. दर खेपेला ही बाई बाटली घेऊन दुकानात जाई आणि घासलेट संपलं म्हणून परत येई. त्याच संध्याकाळी पाटलांच्या आणि आणखी दोन बड्या घरांच्या ओसरीवर गॅसबत्त्या जळत असत. नवऱ्यानं पत्रातून कळवलं की साताऱ्याला कलेक्टरसाहेबांना लिही, आणि इंग्रजीत लिही म्हणजे लौकर वाचलं जाईल. गावात इंग्रजी येणारे एकच, मुजावर मास्तर. त्यांनी तिचं बोलणं ऐकलं, इंग्रजीत लिहिलं, खाली तिचा अंगठा घेतला आणि ‘लिहिणार’ म्हणून स्वतःची सही केली. त्या सहीनंच ते प्रतिवादी झाले.

कागद आमच्याकडे आला. साहेबांचा शेरा होता, चौकशी करावी. चौकशी चावडीत व्हायची, तेव्हा मराठी पाहिजे. त्या दिवशी माझ्या टेबलावर एकोणीस कागद होते आणि हा सोळावा. भराभर चाललो होतो. सातव्या ओळीत हा शब्द अडला. मी तो आधी कधी पाहिला नव्हता. कचेरीचा जाड शब्दकोश उघडला. शब्द पानाच्या अगदी तळाशी होता. अर्थ दिला होता: दुसऱ्याच्या वासनेसाठी माणसं जमवून देणारा, कुंटण. मला धक्का बसला, पण धक्का बसणं हे आमच्या कामात बसत नाही. मी लिहिलं, ‘सदर दुकानदार गावातील श्रीमंत लोकांचा कुंटण आहे.’ आणि सतरावा कागद ओढला.

सर्कल इन्स्पेक्टरनं ते चावडीत मोठ्यानं वाचलं. समोर तीसेक माणसं. कुंटण हा शब्द अर्ध्यांना कळला नाही, म्हणून उरलेल्या अर्ध्यांनी तो समजावून सांगितला. गावानं त्याचा जो तर्जुमा केला तो मी इथे देत नाही. दादू शेटच्या मुलीची सोयरीक ठरत आली होती. त्या घरून आठ दिवसांत निरोप आला की जरा थांबू या. दादू शेटनं साताऱ्याला येऊन वकील गाठला. पत्र साताऱ्यात पोचलं म्हणून दावा साताऱ्यात. शेवंताबाईवर कशाला, तिच्याकडून काय मिळणार? दावा मास्तरांवर. मास्तरांचा पगार महिना बत्तीस रुपये. पाचशे एक रुपये म्हणजे सव्वा वर्षाहून जास्त पगार. पण खरी भीती रकमेची नव्हती. शाळेच्या बोर्डानं त्यांना लेखी कळवलं होतं, असली भाषा लिहिल्याचं कोर्टात शाबीत झालं तर नोकरीवरून दूर केलं जाईल.

हे सगळं मला समन्स आल्यावर कळलं. भाषांतर माझं, हे शाबीत करायला वादीच्या वकिलांनी मला बोलावलं होतं. आमचे हेड बापूसाहेब म्हणून होते. कामात पक्के, घाबरट जरा. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “विचारतील तेवढंच सांगायचं. शब्द कोशात आहे ना? मग भाषांतर बरोबर. कोशाची जबाबदारी आपली नाही.” मला ते पटलं. खरं सांगतो, पूर्ण पटलं. कोश काखेत मारून मी निर्धास्त कोर्टात गेलो. बापूसाहेबही बरोबर आले.

शपथ झाली. वकिलांनी विचारलं, हे भाषांतर तुमचं? हो. अक्षर तुमचं? हो. बरोबर आहे? मी म्हणालो, “कोशाप्रमाणे बरोबर आहे.” वकिलांनी मला पान उघडायला लावलं आणि तळाची ओळ वाचून घेतली. ‘कुंटण’ शब्दाला मागे बसलेल्या शिराळ्याच्या दहा-बारा माणसांत हालचाल झाली. दादू शेट मान खाली घालून बसले होते. चांगले पन्नाशीचे, पटका बांधलेले, हातातली काठी दोन्ही गुडघ्यांत धरलेली. त्या क्षणी मला त्यांच्याविषयी वाईट वाटलं, आणि मास्तरांचा रागसुद्धा आला, की शिकल्यासवरल्या माणसानं असं लिहावं?

मास्तर उलटतपासणीला उठले. किडकिडीत, टोपी जुनी पण स्वच्छ. त्यांचा आवाज वर्गातला नव्हता, दबलेला होता. एकच प्रश्न विचारला.

“रावसाहेब, कोशात एवढंच आहे का?”

“एवढंच,” मी म्हणालो आणि खात्री म्हणून खाली पाहिलं.

ओळ संपली होती. पण तिच्या शेवटी पूर्णविराम नव्हता. अर्धविराम होता.

वाचकहो, त्या एवढ्याशा टिंबाखालच्या शेपटीनं माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. अर्धविराम म्हणजे पुढे काहीतरी आहे. आणि पुढे म्हणजे पानाच्या पलीकडे. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा, शपथेवर ‘एवढंच’ म्हणून बसलेलो, आणि माझ्या अंगठ्याखाली पानाचा कोपरा. समोरच्या बाकावर बापूसाहेब. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान अगदी बारीक, डावीउजवीकडे हलवली.

मी पान उलटलं.

दुसऱ्या बाजूला पहिल्याच ओळीत होतं: क्रियापद म्हणून, कोणाच्या हौशीला, गर्वाला, हावेला खतपाणी घालणे, मर्जी सांभाळण्यासाठी नको ते लाड पुरवणे. माझ्या कागदावरचा एस क्रियापदाचा होता. शेवंताबाईच्या पत्रात ‘करतो’ होतं, आणि मी ‘आहे’ वाचलं होतं. व्याकरण तिसरी-चौथीच्या इंग्रजीचं.

“साहेब,” मी न्यायाधीशांना म्हणालो, “माझी साक्ष मला दुरुस्त करायची आहे. भाषांतर चूक आहे. मी पान उलटलं नव्हतं.”

बापूसाहेबांनी डोळे मिटून घेतले. वादीचे वकील ताडकन उठले. त्यांचं म्हणणं, साक्षीदार फितला. न्यायाधीशांनी कोश वर मागवला, चष्मा बदलला, पान पुढे केलं, मागे केलं, पुन्हा पुढे केलं. मग मला विचारलं, की आता या शब्दाला मराठीत नेमकं काय म्हणाल?

इथे माझी दुसरी फजिती. डोक्यात शब्दांची गर्दी झाली. हांजी हांजी करणं? ती तोंडाची. खुशामत? ती नुसत्या स्तुतीची. पँडर त्याच्यापुढे जातं. समोरच्याला जे हवं आहे ते वाईट असलं, दुसऱ्याच्या वाट्याचं असलं, तरी त्याला खूश ठेवायला पुरवत राहणं. मधुमेह झालेल्या सासऱ्यांना जावई गुपचूप पेढे आणून देतो, ते. वाचकांना चव लागली म्हणून वर्तमानपत्र रोज एक खून पहिल्या पानावर छापतं, ते. हे आज मला स्वच्छ सांगता येतं. त्या दिवशी पिंजऱ्यात तोंडातून निघालं, “लांगूलचालन.”

वकील म्हणाले, हा तर आणखी जड शब्द. आणि मागून दादू शेटचा आवाज आला, कोर्टात बोलायची परवानगी न घेता.

“आवं सायेब, ह्येचा अर्थ काय? आदीच्यापरीस वंगाळ हाय का?”

लोक हसले. न्यायाधीशांनी टेबलावर पेन्सिल वाजवली, पण तेही ओठ चावत होते. मास्तर हळूच म्हणाले की शब्दाचा वाद कशाला, मुळात पत्र ज्या बाईचं तिलाच विचारावं, तिनं मराठीत काय सांगितलं होतं. आपण फक्त उतरवून घेतलं.

शेवंताबाई पिंजऱ्यात आली. पदर डोक्यावरून घट्ट, पायांत काही नाही, घरून पहाटे निघून मोटारीनं आलेली. न्यायाधीशांनी विचारलं, दादू शेटबद्दल मास्तरांना नेमकं काय सांगितलंस, तुझ्याच शब्दांत सांग. तिनं आधी दादू शेटकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

“सांगू का मास्तर?”

मास्तरांनी मान डोलावली, पण त्यांचा चेहरा पडला होता.

“मी म्हनलं, ह्यो दादू शेट मोठ्या घरास्नी बगून शेपूट हालवतोय. आमच्या दारात आला की भुकतोय. त्येंच्या बत्त्या पेटत्यात आन माजी सासू अंधारात बसती. आता ती आंदळीच हाय म्हना, पर लेकरं न्हाईत.”

मास्तरांनी खुलासा केला. कलेक्टरसाहेबांना लिहिताना एका भल्या गृहस्थाला कुत्रा म्हणणं त्यांच्या मनाला पटलं नाही. म्हणून त्यांनी सौम्य, सभ्य असा शब्द शोधला. पुष्कळ विचार करून शोधला. तो हा.

मी हे ऐकत होतो आणि मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. ज्या माणसानं दादू शेटची अब्रू झाकायला सभ्य शब्द शोधला, त्याची नोकरी त्याच शब्दापायी जायला निघाली होती, आणि मधे होतो फक्त मी. आणि माझ्या लांगूलचालनाचं तिनं एका वाक्यात भाषांतर करून टाकलं होतं, लांगूल म्हणजे शेपूट, चालन म्हणजे हलवणं, कोश न उघडता.

वादीचे वकील पुन्हा उठले, या वेळी आनंदानं. म्हणाले, म्हणजे माझ्या अशिलाला कुत्रा म्हटल्याचं कबूल झालं. ही अब्रुनुकसानी वेगळी, दावा दुरुस्त करून मागतो. न्यायाधीशांनी दादू शेटना उभं केलं आणि विचारलं की तुमची काय इच्छा?

दादू शेट काठीवर भार देऊन उठले. मग म्हणाले, “कुत्रं म्हनू द्या सायेब. गावात कुणाला कुनी कुत्रं म्हनत न्हाई? माजी बायको रोज म्हनती. पर ते दुसरं न्हवं. ते न्हवतं म्हनून कागूद द्या, मी घरला जातो. पोरीची सोयरीक तुटाय आलीया.”

वकील त्यांच्या सदऱ्याची बाही ओढत होते. दादू शेटनी ती सोडवून घेतली.

तडजोड झाली ती अशी. दावा काढून घ्यायचा, ज्याचा खर्च त्यानं सोसायचा. मास्तरांविरुद्ध काही शाबीत झालं नाही असं नोंदवायचं, म्हणजे बोर्डाचा प्रश्न मिटला. आणि दुरुस्त भाषांतर त्याच चावडीत पुन्हा वाचायचं. दादू शेट अडले ते इथे. चावडीत तीस माणसं होती, पण गोष्ट तीनशे उंबऱ्यांत गेलीय, तेव्हा दवंडी पाहिजे. न्यायाधीश म्हणाले की दवंडीचा हुकूम काढणं कोर्टाला जमणार नाही. मी म्हणालो, मी स्वतः जाऊन देतो. माझ्या सर्व्हिस बुकात त्या महिन्यात लाल शाईची एक ओळ पडली, ‘निष्काळजीपणाबद्दल ताकीद’. सोळा शब्दांचा मेमो होता. बापूसाहेब पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी कोश माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाले, “हा घ्या. तुम्हाला उलटता येतो.”

तडजोडीनंतरच्या पहिल्याच रविवारी मी मोटारीनं शिराळ्याला गेलो आणि तिथून चालत गावात. मास्तर वेशीवर उभे होते. त्यांनी माझ्याशी बोलायचं काही कारण नव्हतं, पण त्यांनी घरी नेलं, चहा दिला, आणि म्हणाले, “रावसाहेब, मीही सातव्या ओळीवर दोन दिवस अडलो होतो.” या वाक्यानं मला जेवढं बरं वाटलं तेवढं पुढे बढतीनंही वाटलं नाही.

गावचा दवंडीवाला दौलू. हलगी गळ्यात. गावात चौक पाच, पाच ठिकाणी पुकारायचं, पाचांचे मिळून चार आणे. मी त्याला दुरुस्त वाक्य वाचून दाखवलं: ‘सदर दुकानदार गावातील मोठ्या घरांची मर्जी राखण्यासाठी गरिबांच्या वाट्याचे घासलेट त्यांस देतो.’ त्यानं तीनदा म्हणून घेतलं. मी बजावलं, पदरचा शब्द घालायचा नाही. तो म्हणाला की त्याच्या बापजाद्यांनी कधी घातला नाही.

पहिला चौक. हलगी कडाडली. “ऐका हो ऐका. दादू शेटचं चावडीत जे वाचलं ते खोटं हाय हो. दादू शेट तसलं काय करत न्हाईत. दादू शेट फकस्त मोठ्या घरांची मर्जी राखाय गरिबाचं घासलेट त्येंला देत्यात हो.” लोक दारांत आले. दुसऱ्या चौकात पोरंबाळं, म्हातारी माणसं, सगळी गोळा झाली. शेवंताबाईही दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. कोणी हसत नव्हतं. लोक ऐकत होते आणि मग वळून पाटलांच्या ओसरीकडे पाहत होते. पाटलांच्या ओसरीचं दार आतून लागल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

तिसऱ्या चौकात दौलूनं हलगीवर काठी उचलली, तेवढ्यात दादू शेट पटका हातात धरून पळत आले. धाप लागलेली.

“बास रं दौलू. कळलं गावाला.”

दौलू म्हणाला, “आजून दोन चौक हायेत, शेट. सायबांनी पाचाचं पैसं दिल्यात.”

दादू शेटनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण मला नजर वर करता आली नाही. मग त्यांनी कनवटीची चंची सोडली.

त्यांच्या मुलीचं लग्न त्याच उन्हाळ्यात त्याच घरी झालं. पुढच्या खेपेपासून घासलेट बाटलीमागे सारखं मोजून मिळायला लागलं, शेवंताबाईला रांगेत पहिलं. हे मास्तरांनी मला कार्डानं कळवलं, मराठीत.

दावा पाचशे एक रुपयांचा होता. प्रत्यक्षात चुकते झाले बारा आणे. पैकी चार आणे मी दिले, पुकारण्यासाठी. आठ आणे दादू शेटनी दिले, थांबण्यासाठी. बाराही आणे दौलूला पोचले.